पहिल्या धारेचं घराणं

दुर्गहून दक्षिणेला साठेक किलोमीटरवर बालोद आहे. तिथून पुरूरच्या रस्त्याला लागलं की सोरर-चिरचारीच्या शिवारात दगडी खांबांवर तोललेला एक जुना मंडप दिसतो. सरकारदरबारी ते संरक्षित स्मारक. गावाच्या लेखी ती ‘बहादुर कलारिन की माची’. माची म्हणजे बसायची बाज, आपल्याकडचाच शब्द. या माचीवर बसून बहादुर नावाची कलारीण दारू विकायची, असं पंचक्रोशीत सांगतात. कलार म्हणजे आपले कलाल, पिढ्यानपिढ्या दारू गाळणारे आणि विकणारे. भिलाईच्या आसपास दारू गाळणाऱ्या घराण्यांचा माग काढायला निघालेल्याला पहिलं नाव भेटतं ते असं एका बाईचं, आणि तेही ‘माता’ म्हणून हात जोडले जाणाऱ्या बाईचं.

तिची गोष्ट सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. शिकारीला आलेला राजा तिच्यावर भाळतो, तिला दिवस जातात, राजा निघून जातो. मुलगा छछान मोठा होतो तो बापाच्या जातकुळीवर दात धरूनच. राजेरजवाड्यांच्या लेकी तो धरून आणतो, किती तर ‘छै आगर छै कोरी’. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे एकशेसव्वीस. त्यांना उखळाशी कांडायला बसवतो. शेवटी त्याची वाईट नजर आईवरच जाते, तेव्हा आई त्याला विहिरीत लोटते आणि स्वतःही जीव देते. रायपूरच्या हबीब तन्वीरांनी ही लोककथा उचलून १९७८ मध्ये ‘बहादुर कलारिन’ हे नाटक रंगभूमीवर आणलं आणि फिदाबाईंनी त्यात कलारीण उभी केली. नाट्यसमीक्षकांना त्यात ग्रीकांचा इडिपस दिसला, ते ठीकच. पण दारूच्या इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर त्यातली एक साधी गोष्ट जास्त बोलकी आहे. गोष्टीत पाप आहे, सूड आहे, पण कलारणीच्या धंद्याची लाज कुणालाच वाटत नाही. तेल्याने तेल गाळावं, कलाराने दारू गाळावी, इतकंच.

मद्य बनवणाऱ्या घराण्याची गोष्ट म्हटली की आपल्याकडे बोट जातं ते हिमाचलातल्या सोलनकडे. एडवर्ड डायर या इंग्रजाने डोंगरातल्या थंड पाण्यावर बिअर काढायला सुरुवात केली. कंपनी आपला जन्म १८५५ सालचा सांगते. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी ती घेतली आणि पुढे बापाकडून मुलांकडे, मुलांकडून नातवा-पुतण्यांकडे असा मोहन मीकिनचा कारभार चालत राहिला. १९५४ च्या डिसेंबरात बाजारात आलेली ‘ओल्ड मंक’ याच घरातली. अशी घराणी जगात खूप आहेत. दारावर पाटी, बाटलीवर आजोबांची सही, तळघरात पिंपं. छत्तीसगडात मात्र असं घराणं शोधायला गेलं की पाटीच सापडत नाही. जे सापडतं ते पाटीशिवायचं असतं.

बिअरच म्हणाल तर ती बस्तरच्या बाजूला घराघरांत आहे. तिचं नाव लांदा. तांदळाचं पीठ वाफवून घ्यायचं, मोड आणून वाळवलेल्या मक्याचं पीठ त्यात कालवायचं, पाणी घालून हंडीत तीन-चार दिवस ठेवून द्यायचं. मोड आलेलं धान्य पिठातल्या स्टार्चची साखर करतं आणि मग ती साखर आंबते. सोलनच्या ब्रुअरीत जव भिजवून त्याला मोड आणतात, भाजतात, त्याचं माल्ट करतात, ते हेच काम. फरक इतकाच की तिथे त्यासाठी इंजिनिअर असतो आणि इथे सासू. लांदा करणं हे बायकांचं काम आणि आठवडी बाजारात तो विकणंही बायकांचंच. सल्फीचं झाड तर याच्याही पुढचं. भेरली माडाच्या जातीच्या या झाडाचा रस म्हणजे ‘बस्तर बिअर’, असं पर्यटकांना हौसेने सांगितलं जातं. ते झाड घरच्या मालमत्तेत धरतात, लेकीला लग्नात देतात. परवाना, भांडवल, वारसा असं सगळं एका झाडात आलं.

दुर्ग-भिलाईच्या मैदानात मात्र राज्य मोहाचं.

मोहाला फुलं येतात ती फाल्गुन-चैत्रात, पानं झडलेली असताना. रात्री उमलायचं आणि पहाट होताना गळून पडायचं, अशी त्या फुलाची रीत. मांसल, पिवळट पांढरी, गोडीला मनुकेसारखी. तांबडं फुटायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण उशीर झाला की गुरं, माकडं आणि अस्वलं आधी येतात. खालचा पाचोळा नीट दिसावा म्हणून जाळायची पद्धत आहे आणि त्यापायी दरवर्षी जंगलात वणवे लागतात, हेही खरं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणून दुष्काळात हे फूल उकडून खाल्लं गेलं, एरवी लाडू-भाकरीत गेलं आणि उरलं ते हंडीत गेलं. फळाच्या बीला इकडे टोरी म्हणतात, तिचं तेल निघतं. एका झाडावर घर चालतं म्हणतात ते उगाच नाही. म्हणूनच शेतातलं मोहाचं झाड तोडायला माणसाचा हात धजावत नाही.

दारू गाळायची रीत ज्याने पाहिली आहे त्याला रसायनशास्त्राचं पुस्तक उघडावं लागत नाही. सुकी फुलं पाण्यात भिजत घालायची. हवेतलं, मडक्यातलं, फुलावरचं किण्व आपलं काम करतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत फसफस थांबते, थंडीत जास्त लागतात. ते आंबवण हंडीत घालून चुलीवर चढवायचं. हंडीवर दुसरं भांडं, त्यावर गार पाण्याचं तिसरं. सांधे मातीने किंवा ओल्या कापडाने लिंपायचे. खालची वाफ वर जाऊन गार तळाला लागली की थेंब होते आणि मधल्या भांड्यात जमते, नाहीतर बांबूच्या नळीतून बाहेर पडते. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. किती पाणी बदलली यावर दारू कडक की मवाळ ते ठरतं. मद्यार्क पाण्याच्या आधी उकळतो, म्हणून सुरुवातीला येते ती सगळ्यात जहाल. मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणतात ती हीच. पुढे हा शब्द दारूवरून माणसांवर गेला आणि अस्सल, बेरकी, मुरलेल्या माणसालाही लागू लागला.

या कामात एक बारकी गोम आहे. चूल मोठी झाली की आंबवण करपतं आणि वास दारूत उतरतो. पाणी उशिरा बदललं की वाफ फुकट जाते. शेवटच्या धारेचा मोह धरला की दारू आंबूस लागते. हे हातालाच कळतं आणि हात आईकडून, आजीकडून शिकतो. घराणं म्हणायचं ते यालाच.

मग या घराण्यांच्या नावाची एकही बाटली का नसावी? याचं उत्तर दारूत नाही, महसुलात आहे. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरली आणि पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहून १७८७ पर्यंत कारभार पाहत होते. मराठ्यांच्या या अमलात टाकोळी, सायर, पंढरी अशा करांच्या जोडीला एक कर होता कलाली. म्हणजे दारूवरचा. कलाराने दारू गाळावी, विकावी आणि सरकारात ठरलेली रक्कम भरावी. लोभ होताच, पण अजून भट्टी कलाराच्याच अंगणात होती.

मराठी भाषेने पुढचा सगळा इतिहास एका शब्दात साठवून ठेवला आहे. दारू प्यायच्या जागेला आपण ‘गुत्ता’ म्हणतो. गुत्ता या शब्दाचा दारूशी मुळात काही संबंध नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका, एकट्याने विकायचा हक्क. गुत्तेदार म्हणजे तो हक्क घेणारा. माणूस दारू प्यायला कुठे जातो, तर मक्त्यात जातो! इंग्रजी अमलात दारू करणाऱ्याचं महत्त्व गेलं आणि बोली लावणाऱ्याचं आलं, हे भाषेने इतकं नेमकं टिपलंय की त्यावर वेगळा प्रबंध लिहायची गरज पडू नये.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि त्याबरोबर छत्तीसगड इंग्रजांकडे गेलं. सुरुवातीला त्यांनी दोन वाटा चोखाळल्या. कुठे एका कुंपणात सरकारी आवार बांधलं, गावोगावच्या दारूवाल्यांनी तिथे येऊन गाळावं आणि मापावर कर भरावा. कुठे एकेका मुलखातली भट्टी आणि दुकान लिलावात दिलं. त्याला सरकारी कागदांत आउटस्टिल म्हणत. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीनंतर मोठ्या ठेकेदाराच्या एका कारखान्यातून अनेक जिल्ह्यांना दारू पुरवायची पद्धत बळावत गेली. १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा या सगळ्यावरचं झाकण. तोच कायदा आज नाव बदलून छत्तीसगडात लागू आहे.

अंगणातली चूल गुन्हा ठरली की काय होतं, हे बस्तरने १९१० च्या फेब्रुवारीत दाखवलं. भूमकालच्या उठावामागे राखीव जंगलं होती, वेठबिगार होती आणि घरी दारू गाळायला केलेली मनाईही होती. इंग्रज अधिकाऱ्यांना हे कारण किरकोळ वाटलं असणार. पण ज्या घरात पितरांना, देवाला, जन्माला, मरणाला मोहाचा थेंब लागतो, तिथे दारूचं दुकान म्हणजे देवाच्या पूजेचं पाणी विकत आणण्यासारखं होतं.

मुंबई इलाख्यात तर याहून कडेकोट झालं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. मग १८९२ मध्ये खास मोहासाठी वेगळा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलावरच बंधन घातलं. दारूवर नव्हे, झाडाच्या फुलावर! परवान्याशिवाय साठवाल तर गुन्हा. झाडं तुमची, फुलं सरकारची. उरणच्या आवारात पारशी मालकांच्या भट्ट्या चालत, मोहाची दारू मुंबईला जाई आणि ठाणे-सुरतेच्या आदिवासी पाड्यांवरचे दारूचे पिठेही बहुतेक पारशांकडे. दारूवाला, ताडीवाला, पिठावाला ही पारशी आडनावं त्याच बाजारातली. आडनावातच धंदा लावून घेणारा समाज तो. छत्तीसगडातले कलार निदान त्या बाबतीत त्यांचे भाऊबंद. पारशी मात्र भांडवल घेऊन आले होते आणि लिलावात टिकले.

आणि मग १९२२ साल आलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेल्या कोळ्यांमध्ये कुणाच्या तरी अंगात देवी यायला लागली. देवीचा फेरा डोंगर चढून जव्हार, नाशिक, डांग असा सुरतेच्या आदिवासी पट्ट्यात शिरला. अंगात आलेली देवी सांगे : दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, पारशाच्या दारात कामाला जाऊ नका. हजारो माणसांनी ऐकलं. पिठे ओस पडले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की हे निव्वळ व्यसनमुक्तीचं वारं नव्हतं. आपली चूल विझवून आपल्यालाच दारू विकणाऱ्याविरुद्धचा तो बहिष्कार होता. घरची भट्टी घरात राहिली असती, तर देवीला दुसरं काही सांगावं लागलं असतं.

याच पट्ट्यात डहाणूला आज एक पारशी घराणं मोहाची दारू बनवतं. साउथ सीज डिस्टिलरीज हे कंपनीचं नाव. १९८० च्या दशकात हमावंद चिनॉय यांनी ती उभी केली. गेली कित्येक वर्षं तिची ओळख माल्ट व्हिस्की गाळून दुसऱ्या कंपन्यांना पुरवणारी, अशी होती. ग्राहकाला नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. २०२४ मध्ये मात्र तिने स्वतःच्या नावाने बाटल्या आणल्या आणि त्यांतली एक होती ‘सिक्स ब्रदर्स महुरा’. पारशी घरांत मोहाच्या दारूला महुरा म्हणत. सहा भाऊ म्हणजे चिनॉयांचे पूर्वज, महुरा गाळायच्या धंद्यातले, असं कुटुंब सांगतं. कंपनीच्या रुपी चिनॉय या दारूविषयी बोलतात ते घरचा वारसा म्हणून. तिच्या एका मर्यादित आवृत्तीच्या नावात साल आहे, १९२२.

हे दोन १९२२ शेजारी ठेवले की गंमत वाटते आणि थोडं अस्वस्थही व्हायला होतं. एकाच किनाऱ्यावर त्याच वर्षी एका घरात मोहाची दारू वारसा म्हणून ठेवण्याजोगी होती आणि पाड्यावर ती सोडण्याच्या शपथा चालल्या होत्या.

मधल्या काळात पारशांच्या भट्ट्याही बुडाल्याच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आणि १९५० पासूनच्या संपूर्ण बंदीने परवाने संपले. या कायद्याला आव्हान देणारा गाजलेला खटला बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांचाच. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, औषधं आणि प्रसाधनांतल्या मद्यार्कासारख्या काही गोष्टी तेवढ्या सोडवल्या. इकडे साखर कारखाने वाढले, मळी स्वस्त झाली आणि परवानगी असलेल्या प्रांतांतही मोहाच्या जागी मळीचा मद्यार्क आला. मळी बारमाही मिळते, ट्रकने येते, अस्वल ती खात नाही. कारखानदाराला आणखी काय हवं?

आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. दारू मुरवायची तर ती वर्षानुवर्षं पिंपात अडकवावी लागते, म्हणजे पैसा अडकतो. ज्याचा परवाना दर लिलावाला पणाला लागतो तो दहा वर्षांसाठी पिंप भरून का ठेवेल? सोलनला जे जमलं ते दुर्गला जमलं नाही याचं मूळ पाण्याच्या चवीत शोधण्यात अर्थ नाही. ते वर्षाच्या वर्षाला बदलणाऱ्या ठेक्यात आहे. मोहाची दारू कायम ताजीच प्यायली गेली आणि ताजीच बदनाम झाली.

भिलाईचं म्हणाल तर २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन केलं. भट्टी हा शब्द तेव्हापासून या गावात लोखंडाचा झाला. सगळ्या देशातून माणसं आली, त्यांत विदर्भातली मराठी माणसंही पुष्कळ. कारखान्याच्या वसाहतीतल्या, म्हणजे सेक्टरमधल्या रहिवाशांना पगाराची तारीख होती आणि पगाराच्या तारखेला दारूच्या दुकानासमोर रांग. पण या कारखान्याचं खनिज जिथून येतं त्या दल्ली-राजहरातला मजूर ठेकेदाराकडचा होता. १९७७ मध्ये तिथे शंकर गुहा नियोगींची संघटना उभी राहिली, मजुरी वाढली आणि काही काळातच दिसलं की वाढलेली मजुरी दारूच्या ठेक्यातून परत जाते आहे.

नियोगी एके काळी भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होते. त्यांनी दारूवर जे केलं त्याला दारूबंदी म्हणणं अपुरं. सरकारकडे बंदी मागण्याऐवजी संघटनेने आपल्याच सभासदांवर बंधन घातलं. पिऊन आलास तर दंड भर. बायकांनी पाळत ठेवली. १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून तिथे शहीद हॉस्पिटल उभं राहिलं, त्यामागे दारूतून वाचलेला पैसाही होताच. मागे पालघरच्या देवीने जे अंगात येऊन सांगितलं, ते इथे युनियनच्या सभेत ठरलं. हिशेब तोच होता.

पुढे नियोगी भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात आले. भिलाई आणि रायपूर यांच्या मधोमध, हमरस्त्यावर कुम्हारी आहे. तिथली केडिया कुटुंबाची डिस्टिलरी म्हणजे या भागातलं खरंखुरं, कारखानदारी अर्थाने, पिढीजात मद्यघराणं. मारवाडी व्यापारी कुटुंब, मध्य प्रदेशभर पसरलेला व्यवसाय. केडिया म्हटलं की छत्तीसगडात दारू, असं समीकरणच होतं. ज्यांनी खाणीतल्या मजुरांची दारू सोडवली, तेच नियोगी १९९० नंतर दारू गाळणाऱ्या कामगारांच्या वेतनासाठी आणि कायम नोकरीसाठी झगडत होते. वरवर विसंगत वाटतं, पण नाही. गाळणारे हात आणि गुत्ता घेणारा, यांत त्यांनी नेहमीच फरक केला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या राहत्या घरी झोपेत त्यांना गोळी घातली गेली. त्या खटल्यात उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं होतं, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली.

ठेकेदारीचा प्रश्नही न्यायालयात गेला होता. जुन्या ठेकेदारांनाच नव्या डिस्टिलऱ्या उभारायची परवानगी द्यायचं मध्य प्रदेश सरकारने १९८४ च्या अखेरीस ठरवलं, तेव्हा त्याला आव्हान मिळालं. नंदलाल जायस्वाल खटला म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. १९८६ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने धोरण वैध ठरवलं : दारूचा धंदा हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, तो राज्याचा अधिकार आहे आणि राज्य तो कुणाला द्यायचा ते ठरवू शकतं. कायद्याच्या दृष्टीने निर्णय स्वच्छ आहे. सोररच्या माचीवरून पाहिलं तर मात्र या एका वाक्यात कलारणीचा अख्खा व्यवसाय दुसऱ्याच्या नावावर झालेला दिसतो.

कलारांनी याआधीच वाट बदलली होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे चार खंड काढले त्यांत कलारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सावकारी, शेती, मालगुजारी, पुढे नोकऱ्या. आज बालोद-दुर्गच्या कलार घरांत शिक्षक, पटवारी, डॉक्टर सापडतील. दारू गाळणारा सापडणं कठीण. नागपूरकडच्या कलार समाजाचंही तेच. बहादुर कलारिन मात्र समाजाची कुलमाता म्हणून अधिकाधिक उजळत गेली.

गाळायचं काम उरलं ते आदिवासी घरांत. छत्तीसगडात अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला स्वतःपुरती मोहाची दारू करायची मुभा आहे, पाच लिटरपर्यंत. पाच लिटरमध्ये लग्नही निभत नाही, पण देवाचं निभतं. त्याच्या पलीकडे गेलात की पोलीस. सरकारी दुकानात ‘देशी मसाला’ आणि ‘देशी प्लेन’ मिळते. २०१७ पासून किरकोळ विक्रीही सरकारी महामंडळच करतं. देशी म्हणतात तिला, पण मोहाचं फूल त्या बाटलीने बघितलेलं नसतं.

शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. बंग दांपत्य आणि गावोगावच्या बायका यांच्या आंदोलनातून ती आली. तिथल्या डोंगरांत मोहाची भट्टी बंद झाली असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरची, नेण्या-आणण्यावरची बंधनं उठवली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात फुलाच्या मागे लागलेलं शुक्लकाष्ठ सुटायला एवढा काळ जावा लागला. मध्य प्रदेशने त्याच्या पुढचं पाऊल टाकत २०२२ मध्ये वारसा मद्याचं धोरण आणलं : आदिवासी बचत गटांनी मोहाची दारू गाळावी, बाटलीत भरावी, विकावी. अलीराजपूरच्या आदिवासी बचत गटाची ‘मोंड’ त्यातूनच आली. तिच्या शेजारी दुकानाच्या फळीवर महुआची खासगी बाटलीही आहे. डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ मध्येच ती गोवा-कर्नाटकात विकायला काढली होती. बचत गटाला जाहिरातीचा पैसा नाही, मुरवायला पिंपं नाहीत, आणि शहरी गिऱ्हाईक ‘महुआ’ म्हटलं की नाक मुरडतं, कारण शंभर वर्षं त्याला तसं शिकवलंय. डहाणूची बाटली आणि मोंड यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुर्ग-बालोदच्या गावांत यंदाही फाल्गुन सरताना मोहाखाली झाडलोट होईल. २०२० मध्ये केंद्राने सुक्या फुलाचा किमान दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला, तेव्हापासून वनोपजाच्या खरेदी केंद्रावर फुलं नेणं थोडं परवडू लागलं. अलीकडे झाडांखाली हिरव्या जाळ्या बांधतात. मातीला न लागलेलं फूल खाण्याजोगं धरतात, त्याला जास्त भाव येतो, त्याचे लाडू, सरबत, मुरंबे होतात. हंडीत जाणारं फूल मात्र अजून जमिनीवरूनच वेचलं जातं, पहाटे, गुरं यायच्या आत.